आटपाडीकडे, नकाशातून गेलेल्या वाड्यासाठी

हौसेनं मी आटपाडीकडे कधी गेले नसते. पण बुधवारी बिरातात्यांचा फोन आला. "ताई, गावच्या नव्या नकाशात आमचा वाडाच न्हाई! शुक्रवारपतुर हरकत घ्या म्हणत्यात." वाडा म्हणजे त्यांचा मेंढ्या कोंडायचा. तात्या दरवर्षी आमच्या उंब्रजच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवतात आणि मी पुण्यात ड्रोनच्या फोटोंवरून गावांचे नकाशे काढते, म्हणून फोन मला.

शुक्रवारी सकाळी सहाला गाडी काढली. शिरवळला चहा घेतला, तोही पाणचट. उंब्रजला तात्यांना घेतलं. तुम्ही जाणार असाल तर कराडवरून विट्याकडे वळा, रस्ता बरा आहे. विट्यापुढे ऊस मागे पडतो आणि बाभळी सुरू होतात. भिवघाटाजवळ ऐंशी रुपयांत पिठलं-भाकरी पोटभर मिळते. तात्यांनी मात्र तुकडा मोडला नाही.

"ड्रोन यायच्या आदी ज्यानं त्यानं आपल्या जागंभवती चुन्याची फक्की मारायची व्हती," ते म्हणाले. "आमी तवा तुमच्या रानात. म्हातारीनं घराभवती तेवढी मारली. वाड्याचं काटेरी कुंपण तर आमी कळप निघाला की मोडूनच टाकतो. आल्यावर नवं घालायचं. मग वाडा दिसावा कसा?"

तालुक्याच्या कार्यालयात साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "मॅडम, आता ड्रोनला उपग्रहावरून जागा कळते, दोन बोटांचाही फरक पडत नाही. चूक होणं शक्यच नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली. हे मला सांगतोय! पूर्वी विमानातून फोटो घ्यायचे तर आधी नकाशा जुळवायला जमिनीवर पांढऱ्या फुल्या रंगवत माणसं गावोगाव हिंडायची. त्या निमित्तानं कुणीतरी कुणाला तरी विचारायचं, बाबा, ही जागा कुणाची? आता ड्रोनला आपण कुठे आहोत ते तंतोतंत कळतं, मग कोण कशाला पाय झिजवतंय! "तुमची चूक फक्त अचूक झालीय, साहेब," मी मोठ्यानं म्हणाले. सगळं कार्यालय बघायला लागलं. बघू दे.

"फोटो उघडा."

पडद्यावर तात्यांचं घर आलं. मागे उघडी जमीन, तिच्यात एक काळपट गोल. नकाशात त्यावर लिहिलेलं: 'मोकळी जागा, ग्रामपंचायत.'

तात्या पुढे वाकले. "आवं, ह्योच की आमचा वाडा! लेंड्या पडून पडून भुई काळी झालीया. आज्ज्यापासनं हितंच बसत्यात मेंढ्या."

मी तो गोल मोजला, फोटो छापून घेतला, हरकतीला जोडला आणि पोच घेतल्याशिवाय खुर्ची सोडली नाही. निकाल कधी, ते कुणी सांगेना.

परतताना तात्यांनी पोच घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "ताई, तुमीबी असलंच नकाशं काढता न्हवं? मग असलं काळं गोल तुमाला कवा दिसलं न्हाईत व्हय?"

दिसले होते. ओल असेल, कचरा जाळला असेल, असं म्हणून मी पुढे जायचे.

सोमवारी ऑफिसात माण तालुक्यातल्या एका गावाचा माझा जुना नकाशा फोटोसकट उघडला. सात काळे गोल. सातही ठिकाणी 'मोकळी जागा'. तिथली हरकतीची मुदत कधीच संपलीय, आणि तपासणाऱ्याची सही माझी आहे.