बाबांच्या गुडघ्याचा साक्षीदार

ठाण्याच्या कोर्टात प्रत्येक तारखेला एक माणूस भेटायचा. कडक इस्त्रीचा शर्ट, तोंडात बडीशेप. आम्हाला वाटायचं, तोही कुणाच्या तरी अपघाताच्या दाव्यासाठी येत असेल. मला अनोळखी माणसांशी बोलायला जमत नाही, म्हणून तो बाबांशी गप्पा मारायचा याचं मला बरंच वाटायचं.

माजिवड्याला एका कारने उडवल्यापासून बाबांचा गुडघा वळत नाही. तो कायमचा गेला, एवढंच आम्हाला सिद्ध करायचं होतं.

"काय काका, तब्येत काय बोलते?"

"एकदम फर्स्ट क्लास!" परक्यापुढे दुखणं काढायचं नाही, ही बाबांची रीत.

"जिने-बिने चढता ना?"

"चढतो की! पळायला सांगा, पळेन."

दोघं हसायचे.

मग एका तारखेला तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला. तो त्या कारच्या विमा कंपनीचा तपासनीस निघाला. बाबांचं बोलणं त्याने शब्दन् शब्द सांगितलं आणि मोबाइलवर ऐकवलंही. त्यात त्याचं हसणंही होतं.

"काका, अहो कशाला बोललात?" आमचे वकील पुटपुटले.

निघताना लिफ्ट बंद पडलेली. बाबा जिन्याशी अडखळले, तेव्हा एका बाजूने मी धरलं आणि दुसऱ्या बाजूने त्या तपासनीसाने, न विचारता. प्रत्येक पायरीला बाबा कण्हत होते आणि त्यांचा जवळजवळ सगळा भार त्याच्या खांद्यावर होता. खाली पोचेपर्यंत त्याला धाप लागली.

"जपा हं, काका," खांदा चोळत तो म्हणाला आणि निघून गेला.