दुसरी शिलाई

माझं शिक्षण चौथीपर्यंत. शिवण मात्र पक्कं. नवरा गेल्यावर गुजरातेत, गोरव्याच्या एका शेडमध्ये मशीनवर बसले आणि म्हातारी झाले तरी तिथेच होते. आम्ही सिमेंट कारखान्यांसाठी पिशव्या शिवायचो. सिमेंट भरायच्या नव्हेत, धूळ गाळायच्या. जाड पांढरं कापड, माणसाच्या दुप्पट लांब, लेंग्याच्या एका पायासारखी नळी. कारखान्यातली धुळीची हवा तिच्यातून जाते, धूळ कापडावर अडते, हवा चिमणीतून बाहेर पडते.

शेठच्या नमुन्यात बारीक सुईची एकच शिलाई होती. मला ती लंगडी वाटायची. परकर असो की गोधडी, आमच्या घरी दुसरी शिलाई मारल्याशिवाय काम हातावेगळं करत नसत. मी जाड सुई लावून वरून दुसरी मारायचे. बाकीच्या बायकांनाही तेच शिकवलं. शेठ गुजराती, मावशीची त्याने माशी करून टाकली होती. गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्या माशीचं काम फाटणार नाही."

मग सरकारने नियम कडक केला. चिमणीतून पूर्वी चालायची तेवढी धूळ चालेना. चिमणीवर यंत्र बसलं, त्यातला आकडा थेट सरकारी कचेरीत दिसायचा. एका कारखान्याचा आकडा खाली येईना. तिथला साहेब आमच्याच पिशव्या घेऊन शेडवर आला. आकडा उतरला नाही तर कारखान्याला टाळं लागेल, आणि त्याआधी आमचं काम बंद, असं त्याने तोंडावर सांगितलं.

मी म्हणाले, "साहेब, कापड तपासा. माझ्या शिलाईतून मुंगी जायची नाही."

"मुंगीचं भांडण नाही, मावशी. धुळीचं आहे."

त्याने खिडक्यांवर ताडपत्री टाकायला लावली. पिशवीचं तोंड पंख्याला बांधलं, आत दिव्याखाली चमकणारी कसलीशी पावडर सोडली आणि बाहेरून जांभळा दिवा धरला. कापड काळंच राहिलं. पहिल्या शिलाईवर कुठे एखादा ठिपका. दुसरीवर वरपासून खालपर्यंत ठिपकेच ठिपके, टाक्याला एक. हिरवे, चमकणारे. मी पाहतच राहिले.

"सुई जाड, दोरा बारीक," साहेब म्हणाला. "भोक भरतच नाही. ही दुसरी शिलाई कुणाची?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांच्यातली एक पुटपुटली, "आता बोला की, मास्तरीणबाई."

"माझी," मी म्हणाले. "सगळ्यांना मीच शिकवली. उसवून देते."

"उसवलीत तर दोराही जाईल. मग नुसती भोकंच उरतील."

हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. इतकी वर्षं मी शिवत नव्हते, भोकं पाडत होते. कितीतरी गावांवर माझ्या हातची धूळ बसली असेल.

शेठ ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. साहेबाने शिलाईवर लावायचा एक चिकट लेप सुचवला. शेठने हातातली कात्री खाली ठेवली आणि म्हणाला, "माशी, मशीनवर आता दुसरी बेन बसेल. तुम्ही लेप लावा."

मी उठले, लेपाचा डबा घेऊन जमिनीवर बसले आणि पहिली पिशवी मांडीवर ओढली. दुसऱ्या शिलाईचं एकेक भोक बुजवत गेले.