ट्रॉलीतल्या सळया

शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. त्यावर पाय ठेवून तिनं एकोणीस वर्षं लोकांना गाडी शिकवली, म्हणून सगळे तिला ब्रेकबाई म्हणत. पुढे दुचाकी असेल तर चाकाकडे नको, चालवणाऱ्याच्या खांद्याकडे बघा, असं ती सांगायची. ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. सायकलवाल्याला धडपडायला जागा ठेवा.

मग आपोआप चालणाऱ्या गाड्यांच्या एका कंपनीनं तिला बोलावलं. काम सोपं होतं. ड्रायव्हरच्या जागी बसायचं, हात मांडीवर ठेवायचे, गाडी चुकली तरच ब्रेक मारायचा आणि मारला की कारण लिहून द्यायचं.

"म्हणजे नुसतं बसायचा पगार," नवरा म्हणाला.

"जीव मुठीत धरून बसायचा," ती म्हणाली.

गाडी नियमाला इतकी पक्की होती की ब्रेकबाईचं डोकं उठायचं. एकदा सिग्नल बिघडून लालवरच अडकला. हवालदार हातानं पुढे या म्हणत होता, पण गाडी ढिम्म. शेवटी त्यानं येऊन काच वाजवली.

"बाई, हात दिसत नाही का?"

"मला दिसतो हो. हिला दिसत नाही."

एका बुधवारी दुपारी पुढे ट्रॅक्टर होता. ट्रॉलीतल्या लोखंडी सळया मागे पुरुषभर बाहेर आलेल्या आणि टोकाला लाल फडकंही नव्हतं. गतिरोधक आला तसा ट्रॅक्टर मंदावला. गाडीही मंदावली, पण पुरेशी नाही. सळया थेट काचेवर येऊ लागल्या तेव्हा ब्रेकबाईनं करकचून ब्रेक दाबला. टोकं वीतभर अंतरावर थांबली. मागच्या सीटवर नोंदी घेत बसलेल्या कंपनीच्या इंजिनिअर मुलीचा लॅपटॉप खाली पडला आणि मागून येणारा स्कूटरवाला बंपरवर आदळला. त्याचं कोपर सोलून निघालं. ब्रेकबाईनंच ते धुऊन पट्टी बांधली.

ऑफिसात साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला. त्यात आधीच टाइप केलं होतं: ब्रेक अनावश्यक.

"सिस्टिमप्रमाणे अंतर पुरेसं होतं, बाई. तुमच्यामुळे तो माणूस पडला."

"अंतर कशापासून मोजलंय?"

"ट्रॉलीपासून."

"आणि सळया?"

साहेबांनी चित्र मोठं केलं. समोरून सळया म्हणजे नुसते ठिपके दिसत होते. "त्यांची नोंद नाही."

"मग त्या नव्हत्याच असं लिहू?"

साहेबांनी शेजारी उभ्या इंजिनिअर मुलीकडे पाहिलं. ती खाली मान घालून म्हणाली, "मी स्क्रीन बघत होते, सर."

ब्रेकबाईनं सही केली नाही. साहेबांनी तिच्या सहीविनाच फॉर्म बंद केला आणि तिला गाडीवरून काढून बिनखिडकीच्या खोलीत बसवलं. दिवसभर फोटोंतल्या वाहनांभोवती चौकोन काढायचे. दुचाकी, कार, ट्रक, माणूस, जनावर. बाहेर आलेल्या मालाला रकानाच नव्हता. प्रत्येक वेळी 'इतर' दाबताना तिचं पित्त खवळायचं.

तिसऱ्या आठवड्यात ती मुलगी दाराशी आली. "मावशी, त्या दिवशी मी बघायला हवं होतं. आज बघायचंय. याल?"

मागच्या आवारात दोघींनी एका उभ्या ट्रॉलीत सळया भरल्या. गाडी सोडली. ती सरळ सळयांवर निघाली. ब्रेकबाईनं थांबवली. पाच वेळा सोडली, पाचही वेळा तेच. मुलीनं सगळं चित्रित करून वर पाठवलं. चार दिवसांनी ट्रॅक्टर भेटला होता त्या रस्त्यावरच्या चाचण्या बंद झाल्या, यादीत नवा रकाना आला आणि ब्रेकबाई पुन्हा गाडीवर गेली.

पण तिच्या नावापुढचा 'ब्रेक अनावश्यक' हा शेरा तसाच राहिला. तो काढा म्हणून तिनं दोन अर्ज दिले. बंद झालेला फॉर्म उघडता येत नाही, असं दोन्ही वेळा उत्तर आलं. साहेब म्हणाले, "सोडा ना बाई, कोण बघतंय."

"मी बघतेय," ती म्हणाली. काल तिनं तिसरा अर्ज दिला.