कडेला उभी काकू

कॅमेऱ्याची लेन्स पुसताना तिच्या रिंगच्या खाचांत अजून हळद दिसते आणि मेडशीचं ते लग्नघर आठवतं.

पत्र्याच्या अंधाऱ्या खोलीत नवरीला हळद लागत होती. माझ्या लेन्सला तेवढा उजेड पुरायचा, म्हणून फ्लॅश लावलाच नव्हता. नवरीची विधवा काकू रिवाजाप्रमाणे लांब, सोयाबीनच्या पोत्यांपाशी उभी राहून माझ्यावर नजर ठेवून होती.

"फ्लॅश काहून नाही पाडून राह्यला? अन् पोरीच्या इतक्या जवळ कायले जाऊन राह्यला?"

"या लेन्सनं जवळच जा लागते, काकू. लय रुंद दिसते हिच्यातून."

"रुंद?" ती जवळ आली. "मी त नाही ना आली फोटोत? दाखव."

स्क्रीनवर कडेला ती होतीच. ही लेन्स कडेची माणसं ताणते, तसा तिचा चेहरा लांबट झाला होता. ती बराच वेळ बघत राहिली.

"तोंड बिघडोते तुही लेन्स."

"डिलीट करू का?"

ती पोत्यांपाशी परत गेली. मला ती खाष्टच वाटली.

आता ते फोटो बघतो. त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत काकू कडेला आहे, माझ्याकडे तशीच संशयानं बघते आहे, आणि डोक्यावरचा पदर नीट केलेला आहे.