पावसापुरती घोडी

घोडीला बाहेर काढायच्या आधी शोफेरमामा तिच्याभोवती एक फेरी मारायचे आणि चारही पायांवर तळहाताने थाप देऊन बघायचे. मग समाधानाने मान हलवून म्हणायचे, "टायर बरे आसत." एवढं झाल्याशिवाय घोडी अंगणाबाहेर पडत नसे. तुम्ही म्हणाल, हा काय वेडेपणा? पण ज्या माणसाने उभा जन्म डिचोलीच्या खाणींवर ट्रक हाकला, त्याच्याकडून दुसरं काय होणार? खाणी बंद पडल्या, ट्रक विकला गेला, सवयी मात्र अंगाला चिकटून राहिल्या.

शोफेर म्हणजे आमच्या भाषेत ड्रायव्हर. धारगळला हायवेच्या कडेला माझं पशुखाद्याचं दुकान आहे आणि मामांचं घर दुकानाच्या अगदी मागे. त्यामुळे घोडीचं सगळं पुराण मी फुकटात पाहिलं.

घोडी त्यांची नव्हतीच. मांद्र्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना घोड्यावर बसवून फिरवणारा एक माणूस होता, त्याची ती. पावसात किनारा ओस पडतो. तो आपल्या गावी जाणार, मग घोडी ठेवायची कुठे? मामांची ट्रकची शेड रिकामी होती. सीझन सुरू झाला की घेऊन जाईन, असं बोलणं झालं. मामा पहिल्यांदा चणे न्यायला दुकानात आले तेव्हा मी काही विचारायच्या आतच त्यांनी बजावलं, "पावसापुरती हां! पाऊस गेलो की ही गेली. माका लळो लावन घेवचो नाय."

म्हणून त्यांनी तिला नावसुद्धा ठेवलं नाही. दुसऱ्याच्या गाडीवर आपण नाव रंगवतो काय, असा त्यांचा सवाल. नुसतं "गो बाय" म्हणायचे. आता आमच्याकडे पोटच्या पोरीलाही बायच म्हणतात, पण हे त्यांना सांगणार कोण?

घोड्याची त्यांना पूर्वी काडीची माहिती नव्हती. जनावरांच्या डॉक्टरांनी दाखवलं तेवढं ते शिकले आणि उरलेलं ट्रकवरून उचललं. नारळाच्या सोडणाने तिचं अंग घासायचे. खुरात अडकलेला चिखल काढताना "चाकाखाली धोंडो गावलो मगो" म्हणून तिची समजूत काढायचे. फिरून आल्यावर लगेच पाणी देत नसत. "इंजीन थंड जांव दी!" चढ लागला की तोंडाने गिअर बदलल्याचा आवाज काढायचे, आणि घोडी खरोखर जोर लावायची. मी स्वतः पाहिलंय, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता.

सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की घोडी कान टवकारायची. पावाच्या टोपलीतले गरम उंडे तिला भारी आवडायचे. मामी एकदा माझ्यादेखत कडाडल्या, "माका एक उंडो आणि तिका तीन! लगीन कोणावांगडा झाला तुमचा?" मामांनी विचारात पडल्यासारखा चेहरा केला. त्यामुळे प्रकरण आणखी चिघळलं.

चवथीच्या आदल्या दिवशी वाऱ्याने शेडचे पत्रे उडवले. मामांनी घोडी ओसरीवर आणून बांधली. दोरी किती लांब जाते ते नीट ओढून बघितलं. दोरीचं माप घेतलं, मानेचं घ्यायचं राहिलं. खिडकीच्या आत गणपतीचा पाट होता आणि वर माटोळी, म्हणजे फळाफुलांनी मढवलेली ती आपली लाकडी चौकट. काकड्या, आंबाडे, केळ्यांचे घड, सगळं ताजं, रानातून आणलेलं.

सकाळी पूजा रंगात आली होती. आम्ही शेजारीपाजारी हात जोडून उभे. एवढ्यात खिडकीतून एक लांबलचक तोंड आत आलं आणि त्याने काकडी ओढली. कचाकच आवाज झाला. भटजींनी मंत्र थांबवला नाही, फक्त एक डोळा उघडला. घोडीने केळ्यांच्या घडाला तोंड घातलं तेव्हा मामी स्वयंपाकघरातून डाव घेऊन धावल्या. मामा हात जोडून गंभीरपणे म्हणाले, "उंदीर सर्व्हिसिंगाक गेलो आसतलो. औंदा देवान वाहन बदलल्यान." आधी भटजी हसले. मग मामींनी डाव खाली केला आणि तोंडाला पदर लावला.

पाऊस ओसरला तसे मामा चिडचिडे झाले. आभाळ निळंशार, रस्त्यावर धूळ, आणि हे दुकानात येऊन सांगायचे, "अजून पडतलो." पहाटे गवतावर दव दिसलं तरी मला बोलावून दाखवायचे, "बघलंस? पडलो मरे रात्री." मी हो म्हणायचो. नाही म्हणायला जीभ रेटत नसे.

शेवटी मालक टेम्पो घेऊन आलाच. मामांनी तिला घासूनपुसून लख्ख केलं, दोरी मालकाच्या हातात दिली आणि घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. पण घोडी काही फळीवर पाय ठेवेना. मालकाने ओढली, ड्रायव्हरने ढकलली, मीही खांदा लावला. मला तर वाटलं, ती अशीच अडून राहिली तर बरं होईल. तेवढ्यात मालकाने काठी उचलली.

मामा बाहेर आले. काठी काढून घेतली, बाजूला ठेवली आणि स्वतः फळीवरून टेम्पोत चढले. "ये गो बाय." ती मुकाट्याने त्यांच्यामागून वर गेली. मालकाने फळका लावला आणि म्हणाला, "आता उतरा, मामा." मामा त्याच्याकडे न बघता म्हणाले, "मांद्र्यापर्यंत येतां. वाटेत भियेत ती."

तेव्हा मामी आतून एक पिशवी घेऊन आल्या आणि टेम्पोत चढवली. दोन लुंग्या, टॉवेल, दाढीचं सामान, रक्तदाबाच्या गोळ्या. सकाळीच भरून ठेवलेली. मामा मामींकडे बघतच राहिले. टेम्पो सुटला.

ते अजून तिकडेच आहेत. मालकाला आयता माणूस मिळाला. दुकानामागच्या शेडमध्ये आता चिटपाखरू नसतं, आणि मला मामांची फार आठवण येते, ती लपवण्यात अर्थ नाही. मामी रविवारी हुमणाचा, म्हणजे माशांच्या कालवणाचा, डबा घेऊन बसने मांद्र्याला जातात. संध्याकाळी परतल्या की मी दुकानातूनच विचारतो, "कसे आहेत?"

"घोडी बरी आसा," मामी सांगतात. मग चार पावलं पुढे जाऊन वळून म्हणतात, "हे पण बरे आसत."