एकट्याने मिटलेलं इंजिन

थोरला गेला तेव्हा धाकट्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, तरी त्या रस्त्यावर त्याला 'धाकट्या'शिवाय कोणी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. टायरची, बॅटरीची, सीटकव्हरची दुकानं संपली की शेवटी दोघा भावांचं गॅरेज. थोरला गिऱ्हाइकाशी बोलायचा, धाकटा गाडीखाली असायचा. एकाकडे बोलण्याचं खातं आणि दुसऱ्याकडे घामाचं, असं समोरचा टायरवाला चिडवायचा, आणि ते फारसं खोटं नव्हतं.

नव्या गाड्या त्यांच्याकडे येतच नसत. येत त्या सगळ्या उतारवयातल्या, दोन-तीन लाख किलोमीटर पळून आलेल्या, ज्यांच्याकडे बघून शोरूमवाले नाक मुरडत. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला: अजून किती चालेल? त्यावर थोरला म्हणायचा, "तेल वेळेवर बदललंत आणि तापू दिली नाहीत, तर तुमच्या जावयालाही पुरेल. नाहीतर पुढच्या चौकापर्यंत." गिऱ्हाईक हसायचं आणि तेल बदलायला विसरायचं. मग पुढच्या खेपेला थोरला त्याची बिनपाण्याने करायचा.

त्या गॅरेजात एक नियम होता आणि तो मोडायची कोणाची टाप नव्हती. ज्याने इंजिन उघडलं, त्याने ते एकट्याने मिटायचं नाही. इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, काढलं की खाली बरीच भोकं उघडी पडतात, काही पाण्याची, काही तेलाची. जुनं गॅस्केट, म्हणजे दोन भागांमधली पातळ जोडपट्टी, खरवडताना कचरा आत जाऊ नये म्हणून त्यांत फडकी कोंबावी लागतात. एखादं आत राहिलं तर पुढे काय होईल ते सांगता येत नाही. म्हणून हेड बसवण्याआधी दुसऱ्याने हात पुसून यायचं, टॉर्च मारून एकेक भोक बघायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "पाहिलं." एकदा कुठल्याशा गिअरबॉक्सवरून दोघा भावांचं वाजलं आणि महिनाभर अबोला होता. त्या महिन्यात दोघांमध्ये तेवढा एकच शब्द झाला, आणि तोही दातओठ खाऊन.

असा हा थोरला एका सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकला आणि तसाच राहिला. वहिनीला वाटलं, गाठ बसली असेल.

पुढचं सगळं धाकट्याने केलं. डॉक्टरला आणलं, नातेवाइकांना कळवलं, आलेल्यांना पाणी दिलं, गेलेल्यांना रस्त्यापर्यंत सोडलं. वहिनीला धरून बायका रडत होत्या तेव्हा तो खुर्च्या मोजून मांडववाल्याला परत देत होता. लोक आपसात म्हणाले, काय धीराचा माणूस. दोनचार जण असंही म्हणाले, की दगड आहे. धाकट्याच्या कानावर दोन्ही आलं आणि त्याला दोन्हीचं काही वाटलं नाही. खरं तर त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. जेवण पुढे आलं की जेवायचा, अंथरूण दिसलं की आडवा व्हायचा. गॅरेज उघडल्यावर एका तापलेल्या सायलेन्सरला त्याचा हात टेकला आणि तसाच टेकून राहिला. कातडीचा वास आला तेव्हा त्याला कळलं. बायको मलम लावता लावता त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. या घरात आधीच सगळे जपून पावलं टाकत होते.

काम मात्र चालू होतं. हातांना सवय होती, ते आपापले चालत होते. हेड बसवायच्या आधी धाकटा टॉर्च घेऊन स्वतःच बघायचा आणि रिकाम्या गॅरेजात स्वतःच म्हणायचा, "पाहिलं." टायरवाल्याने हे रस्त्यापलीकडून ऐकलं.

"मी येऊ का बघायला?" त्याने विचारलं. "मला डोळे आहेत की."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"भोकात फडकं आहे का नाही, एवढं माझ्या म्हशीसारख्या डोक्यालाही कळेल."

"राहू दे," धाकटा म्हणाला. टायरवाल्याने खांदे उडवले आणि तो आपल्या दुकानात गेला.

महिना उलटला आणि पुतणी थोरल्याची गाडी घेऊन आली. घरात तिला सगळे मॅडम म्हणत. बोलायला लागल्यापासून ती बापाला हुकूम सोडायची, म्हणून बापानेच ते नाव पाडलेलं. डोंगरापलीकडच्या शहरात एका प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली होती. आई इथे एकटी, म्हणून तिथे खोली घ्यायची नाही, रोज जाऊन-येऊन करायचं, असं तिने ठरवलं होतं.

"काका, सकाळी चालू करताना निळा धूर येतो. आणि पाणीही कमी होतंय," ती म्हणाली. "मला सोमवारपासून रुजू व्हायचंय."

धाकट्याने बॉनेट उघडलं. गाडी चार लाख किलोमीटरच्या पुढे गेली होती. थोरल्याने तिला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं होतं. मॅडम तर म्हणायची, माझ्यापेक्षा जास्त. इंजिनाचा खालचा भाग अजून ठणठणीत होता. व्हॉल्व्हचे सील झिजले होते, त्यातून तेल गळून जळत होतं, म्हणून निळा धूर. आणि हेडचं गॅस्केट पाणी सोडायला लागलं होतं. या वयात हे व्हायचंच. भिण्यासारखं काही नव्हतं, पण हेड काढावं लागणार होतं.

"विकून टाक," धाकटा म्हणाला. तो असं गिऱ्हाइकाला कधी म्हणत नसे.

"बाबांची गाडी आहे."

"डोंगर चढायचाय रोज. ट्रक असतात."

"म्हणून तर तुमच्याकडे आणलीय. तुम्ही मिटलेलं इंजिन बंद पडल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही." तिने चावी त्याच्या हातावर ठेवली. "सोमवार. मॅडमचा हुकूम आहे."

एरवी तो हसला असता. त्याने चावी खिशात टाकली.

काम चोख झालं. हेड लेथवाल्याकडे जाऊन सपाट होऊन आलं, नवे सील बसले, व्हॉल्व्ह घासले गेले. ब्लॉकचा, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागाचा, माथा धाकट्याने आरशासारखा केला. गॅरेजातली फडकी एका जुन्या चादरीची होती. कोपऱ्यातल्या तेलाच्या भोकात नेहमीचं फडकं जाईना, म्हणून त्याने चादरीच्या काठाची एक बारीक पट्टी फाडली आणि बोटाने आत सारली. फडक्याचं एक टोक बाहेर लोंबतं ठेवायचं, ही भावांची पद्धत. पट्टी आखूड होती, टोक उरलं नाही. शनिवारी दुपारी त्याने बाकीची फडकी ओढून काढली, टॉर्च मारली, "पाहिलं" म्हणाला आणि हेड बसवलं. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. धुराचं नाव नाही. आवाज असा, की टायरवाला दुकानातून उठून ऐकायला आला.

"थोरला खूश झाला असता रे," तो म्हणाला.

"हो," धाकटा म्हणाला. त्या शब्दाने त्याच्या आत काहीच हललं नाही.

सोमवारी सकाळी मॅडम गेली. वहिनी दारात उभी होती, धाकटाही होता. त्याने टायरमधली हवा बघितली, 'सावकाश जा' म्हणाला आणि गॅरेज उघडलं. गाडी धावती करून दिल्याशिवाय फडकी धुवायची नाहीत, हाही थोरल्याचाच दंडक. म्हणून धाकट्याने आज ती रॉकेलच्या डब्यात बुचकळली, पिळली आणि एकेक तारेवर टाकायला लागला. सगळी टाकून झाली तरी त्याचा हात डब्यात काहीतरी शोधत होता. काठ. पट्टीला जाड शिवलेला काठ होता, भोकात सारताना तो त्याच्या नखाला लागला होता. तारेवर काठाचं एकही फडकं नव्हतं.

त्याने बाकाखाली बघितलं. पत्र्याच्या ट्रेमध्ये, कचऱ्याच्या पिंपात, स्वतःच्या खिशांत बघितलं. पिंप त्याने रस्त्यावर उपडं केलं तेव्हा टायरवाला धावत आला.

"काय हरवलं?"

"फडकं," धाकटा म्हणाला. टायरवाला चेष्टा करणार होता, पण धाकट्याचा चेहरा बघून तोही कचरा चाळायला लागला.

फडकं तेलाच्या वाटेने खाली गेलं असणार. इंजिनाच्या तळाशी तेल साठतं, त्या भांड्याला गॅरेजवाले चेंबर म्हणतात. तिथून एका जाळीतून तेल वर ओढलं जातं. फडकं आधी नुसतं तरंगत राहतं, गाडी झकास चालते. मग कधीतरी ते जाळीला चिकटतं, तेल वर जायचं थांबतं आणि इंजिन चालता चालता जाम होतं. डोंगराच्या चढावर, मागे भरलेला ट्रक असताना झालं तर काय, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

मॅडमने फोन उचलला नाही. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हे तिला बापाने आणि काकानेच शिकवलं होतं. त्याने पुन्हा लावला. पुन्हा लावला. टायरवाल्याने आपली व्हॅन काढली आणि जॅक, स्टँड, पाने, तेलाचा डबा न विचारता मागे टाकला. ते निघणार तेवढ्यात फोन वाजला.

"काका? आईला काय झालं?"

या घरात आता फोन म्हटला की कुणाला काय झालं, हाच पहिला प्रश्न असे.

"आई बरी आहे. तू कुठे आहेस?"

"चढ सुरू होतो ना, तिथल्या पेट्रोल पंपावर. इतके फोन बघून थांबले."

"गाडी बंद कर."

"बंदच आहे."

"चालू करू नकोस. तेलाचा लाल दिवा लागला होता का?"

"मघाशी वळणावर एकदा लुकलुकला. मला वाटलं, जुनी गाडी आहे, चालायचंच. का हो काका?"

त्याने सांगितलं. इंजिनात आपण फडकं विसरलोय, हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं. ती पलीकडून म्हणाली, "बरं. या तुम्ही. मी इथेच आहे."

पंपाच्या कोपऱ्यात, हवा भरायच्या मशीनशेजारी, त्यांनी गाडी उचलून स्टँडवर ठेवली. टायरवाला पंपवाल्याची समजूत काढायला गेला. धाकट्याने पुठ्ठा अंथरला आणि खाली सरकला. तेल काढलं, बोल्ट सोडले, चेंबर खाली घेतला. काळी पडलेली पट्टी जाळीला गुंडाळून बसली होती, आणि एका कडेला फक्त थोडीशी जागा उघडी होती. तेवढ्याच जागेतून तेल जात होतं. थोडा चढ झाला असता, तर तीही राहिली नसती.

त्याने ती ओढून काढली. बोटांना काठ लागला.

आधी भीती वाटली. इतक्या दिवसांत त्याला वाटलेली ती पहिली गोष्ट. मॅडम चढावर दिसली, तिच्या मागचा ट्रक दिसला, आणि वहिनीच्या दारात पुन्हा खुर्च्या मांडलेल्या दिसल्या. आणि भीतीला वाट मिळाली तशी तिच्या पाठोपाठ दुसरं सगळं घुसलं. थोरला त्याच्यासाठी आत्ता कुठे खरंच गेला. नाडी हातात धरून वाकलेला, पायात एकच बूट. धाकट्याने दात आवळून बघितले, तोंडावर हात दाबून बघितला. काही उपयोग झाला नाही. म्हातारपणाकडे झुकलेला तो माणूस गाडीखाली लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला.

"काका, सापडलं का?"

मॅडमला त्याचे फक्त पाय दिसत होते. तिने पुन्हा विचारलं. मग कामावरचे नवे कपडे आहेत याची पर्वा न करता ती गुडघ्यांवर बसली आणि तिने वाकून आत बघितलं.

तो कसाबसा बाहेर सरकला. तोंडावर तेल, त्यात पाण्याचे ओघळ, हातात ती पट्टी. तो चाकाला टेकून बसला.

"माझ्याकडून राहिलं," तो म्हणाला. "मी बघितलं आणि मला दिसलंच नाही. तुला काही झालं असतं तर मी दादाला काय सांगितलं असतं? मला दादा पाहिजे गं. मला दुसरं काही कळतच नाहीये. मला दादा पाहिजे."

पंपावर एक ट्रक आला, हवा भरून घ्यायची होती, ड्रायव्हरने हॉर्न दिला. टायरवाल्याने लांबूनच हात करून त्याला थांबवलं. मॅडमने काकाच्या हातातली पट्टी काढून घेतली आणि ती त्याच्या शेजारी तेलाने भिजलेल्या पुठ्ठ्यावर बसली. तिची हनुवटी उडायला लागली होती.

"मग आधी का नाही रडलात?" ती म्हणाली. "तुम्ही इतके शांत होतात. मला वाटलं, आपल्याकडे आता असंच राहायचं असतं. बाबा गेल्यापासून मी अजून एकदाही रडले नाहीये, काका."