हुजुरांची डबी

हुजुरांना एसटीच्या खिडकीशी बसवून नेणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा! हुजूर म्हणजे निजाम. खरेखुरे नव्हेत, सोन्याच्या डबीच्या झाकणावरचे. हस्तिदंतावर रंगवलेला नखाएवढा चेहरा, पगडीतला एकेक मोती दिसावा इतका बारीक, आणि वर काच. मामांच्या आजोबांना ती दरबारातून इनाम मिळाली होती. कशाबद्दल, ते मामांना समोरचा माणूस बघून आठवायचं. कधी आजोबांनी वाघ मारलेला असे, कधी हुजुरांची मोटार चिखलातून ओढून काढलेली, आणि समोरचा खवय्या असला तर हुजुरांना हुरडा खाऊ घातलेला. नक्की काय ते मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तुमी होता का तवा तिथं? मग!"

डबी सदैव बंडीच्या आतल्या खिशात. वसमतला निघाले की एसटीत डबी बाहेर काढून शिवाराकडे धरणार आणि "बघा हुजूर, औंदा हळद कशी जोरात येऊन राहिली" म्हणून सांगणार. कंडक्टरनं एकदा विचारलं, "बाबा, कोणाशी बोलून राहिले?" तर त्यालाच दटावलं, "आधी गुंडी लाव. कोण बघून राहिलंय, काही कळतं का?" घरी बातम्या लागल्या की डबी टीव्हीकडे तोंड करून ठेवायची, मात्र निवडणुकीचा निकाल असला की पालथी. का, तर "हुजुरांना तकलीफ होते."

जुन्या दरबारी वस्तूंचा अभ्यास करणाऱ्या माझ्या एका मित्राला मी डबीचा फोटो दाखवला, तर गडी खुर्चीतून उठलाच. ही संग्रहालयातच हवी, म्हणाला. मी वर्षभर मामांच्या मिनतवाऱ्या केल्या. शेवटी एकदाचे म्हणाले, "या घेऊन तुमच्या दोस्ताला."

आम्ही गेलो. मामांनी मखमली रुमाल उलगडला. आत प्लास्टिकची हिरवीगार चुन्याची डबी, आणि तिच्यावर डिंकानं चिकटवलेले हुजूर!

मी ओरडलो, "मामा, सोनं कुठंय?"

"मोडलं. कळमनुरीच्या सोनारानं माझ्यासमोर आटवलं. तोंड काहून असं केलं, जावईबापू? हुजूर बराबर हायेत. काच बी शाबूत हाय."

अरे, ठार वेड्या माणसाच्यासुद्धा हातून असं व्हायचं नाही! दरबारी कारागिराची डबी, आणि हा माणूस ती जुनं डोरलं मोडावं तशी मोडून आला! मी आणखी काही बोलणार, तोच मामी चहा घेऊन आल्या. हातात नव्या कोऱ्या पाटल्या होत्या.

मामांचा आवाज एकदम खाली आला. "विहीर खांदताना हिच्या पाटल्या मोडल्या व्हत्या. सुगी झाली की करून देतो म्हणलो. पोरं शिकली, लग्नं झाली, तेवढं राहूनच गेलं. मागल्या महिन्यात कनेरगावला लग्नात कोणीतरी चारचौघींत इचारलं, मनगटाला हिरवं काय लागलं म्हून. नकली पाटल्यांचा रंग, दुसरं काय. ही मग डावा हात पदराखाली धरूनच जेवली. आमी समोरच्या पंगतीत. माझ्या खिशात सोनं, अन् हिचा हात पदराखाली."

मित्र चाचरत म्हणाला, "निदान चित्र तरी द्या आम्हाला."

"न्या," मामा म्हणाले. तेही नजर चुकवून.

पण मामींनी डबी आधीच उचलली होती. "त्यांला काहून धाडता? त्यांचंच तर हाय हे सगळं," म्हणत त्यांनी हुजुरांना नेऊन देव्हाऱ्यात ठेवलं आणि वर हळदकुंकू वाहिलं! मित्रानं डोळे मिटून घेतले.

मी मात्र मामींच्या हातांकडे बघत होतो. कुंकू वाहताना पाटल्या पार बोटांच्या पेरांपर्यंत घसरत होत्या. मामांनी न विचारता सोनाराला माप देऊन टाकलं होतं, त्यांच्या स्वतःच्या लग्नातल्या हाताचं. आता त्या मनगटात नुसतं हाड उरलं होतं.

"मामी, सैल झाल्यात. मोडून लहान करून आणू का?" मी विचारलं.

मामींनी दोन्ही हात पोटाशी घट्ट धरले. "नगं," म्हणाल्या, "आता काहीच मोडायचं न्हाई."